माघारीचं पान

मी एक जुना स्टेपलर आहे, मित्रांनो, आणि गेली काही वर्षं एका बंद ऑफिसच्या खिडकीत बसून आहे. माझं वजन सव्वा किलो. आजकालचे ते प्लास्टिकचे, खेळण्यासारखे स्टेपलर माझ्यासमोर ठेवले तर लाजेने आपोआप उघडतील. माझा काळा रंग कडांना उडालाय, खालची रबरी गादी एका कोपऱ्यात उंदराने खाल्लीय, आणि माझ्या पोटात अजून एकोणीस पिना शिल्लक आहेत. त्या कुणाला लागणार नाहीत, हे मला माहीत आहे. तरी मी मोजतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे जाड पत्र्यावर घण पडायचा आणि एका ठोक्यात आमच्यासारखे बारा भाऊ तयार व्हायचे. मला आधी धान्याच्या एका कोठाराच्या ऑफिसात नेमलं होतं. ते ऑफिस आवरलं तेव्हा वर्ना हॅव्लिक नावाच्या एका तरुण बाईने मला पाऊण डॉलरला विकत घेतलं. वर्ना लोकांची आयकराची विवरणपत्रं भरून द्यायची. अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातलं आमचं गाव एवढंसं. एक रस्ता, त्यावर एक न्हावी, एक बेकरी, एक चर्च आणि न्हाव्याला लागून वर्नाची एक खोली. मागच्या बाजूला तिचं घर. गावातली अर्धी आडनावं उच्चारताना परक्याची जीभ अडखळते, कारण सगळ्यांचे पणजोबा युरोपातल्या बोहेमियातून आलेले.

माझ्या पराक्रमांविषयी काय सांगू? एका वसंतात चक्रीवादळ आलं आणि वर्नाच्या खोलीचं छप्पर घेऊन गेलं. सगळे कागद आभाळात. गावाने तीन दिवस कुंपणांवरून पावत्या वेचल्या. पण ज्या कागदांना मी टोचलं होतं, ते शेजारच्या राज्यात एका मक्याच्या शेतात सापडले. पाचही पानं एकत्र, क्रमाने, आणि पहिल्या पानावर एक बेडूक बसलेला. शेतकऱ्याने ते टपालाने परत पाठवले. बेडूक मात्र त्याने ठेवून घेतला. एकदा तर घाईघाईत पाद्रीबाबांचा टाय मी त्यांच्याच विवरणपत्राला टोचला होता. ते तसेच उभे राहून म्हणाले, की आजवर सरकारने मला इतकं जवळ कधी ओढलं नव्हतं. यातलं थोडं मी वाढवून सांगतो, हे कबूल. चाळीस वर्षं एका जागी बसणाऱ्याला एवढी सूट असावी. पुढचं मात्र वाढवलेलं नाही. वाढवावं लागलंच नाही.

आता थोडं कामाचं सांगतो, कारण सगळं दुःख त्यातूनच आलं.

आमच्याकडे माणसं म्हातारपणासाठी दोन तऱ्हेची खाती ठेवतात. पहिल्यात पैसे टाकताना त्यांवर कर लागत नाही, पण म्हातारपणी काढताना लागतो. दुसऱ्याचं नाव रॉथ. त्यात टाकताना कर आधीच भरायचा, मग पुढे काढताना काही लागत नाही. पहिल्या खात्यातले पैसे दुसऱ्यात हलवता येतात. वर्ना त्याला ‘पालट’ म्हणायची. मात्र जितके डॉलर हलवाल, तितके त्या वर्षाच्या कमाईत धरले जातात आणि त्यांवर कर भरावा लागतो. जानेवारीत खात्याच्या कंपनीकडून १०९९-आर नावाचा कागद येतो, आणि तो आकडा ८६०६ नंबरच्या फॉर्मवर मांडायचा असतो.

समजा, कुणी वसंतात पैसे हलवले आणि शरद ऋतूत शेअर बाजार कोसळला. मग कर कशावर भरायचा? वसंतातल्या मोठ्या आकड्यावर. त्यातले निम्मे पैसे आता राहिले नसले तरी. पण कायद्याने त्यावर एक खिडकी ठेवली होती. पुढच्या वर्षीच्या पंधरा ऑक्टोबरपर्यंत तुम्ही म्हणू शकत होता की माझं चुकलं, मी पालट मागे घेतो. पैसे जुन्या खात्यात परत जायचे आणि कर नाहीसा व्हायचा. त्यासाठी फॉर्मबरोबर एक पान जोडावं लागे. अमुक तारखेला एवढे हलवले, अमुक तारखेला एवढे परत केले, असं साध्या शब्दांत लिहिलेलं.

वर्ना त्याला माघारीचं पान म्हणायची. ते ती हाताने लिहायची, निळ्या शाईने, आणि शेवटची ओळ नेहमी तिची स्वतःची असायची: ‘सबब हा व्यवहार घडलाच नाही असं धरावं, ही विनंती.’ ही ओळ कायद्याला लागत नव्हती. वर्नाला लागत होती. मग ती मला जवळ ओढायची आणि डाव्या कोपऱ्यात एकच पीन मारायची. मित्रांनो, मी लाखो कागद टोचले, पण त्या पानाला टोचताना माझी छाती फुगायची. माणूस आपली चूक लिहून देतो आणि सरकार म्हणतं, बरं, झालीच नाही. असं दुसरं कुठलं पान मी पाहिलं नाही.

एल्डन पॉस्पिशिल हा वर्नाचा शाळेतला सोबती. तीस वर्षं त्याने धान्याच्या कोठाराचा वजनकाटा सांभाळला आणि सकाळ-संध्याकाळ शाळेची बस चालवली. त्याची बायको मार्सेला ही वर्नाची जिवाभावाची मैत्रीण. दर रविवारी प्रार्थना झाली की दोघी एकाच बाकावर बसून गावाची निंदा करायच्या आणि हसून हसून डोळे पुसायच्या. दोन हजार आठमध्ये एल्डनने थोडे पैसे हलवले, बाजार कोसळला, आणि फेब्रुवारीत तो टोपी हातात धरून आला. वर्नाने माघारीचं पान लिहिलं, मी टोचलं, तो सुटला. दुसऱ्या दिवशी मार्सेलाने कोलाच, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव पाठवले, एक पूर्ण तबक. त्यातला एक चुरा माझ्या सांध्यात कितीतरी वर्षं होता.

तेव्हापासून वर्नाच्या तोंडी एक वाक्य बसलं. कुणी बिचकत विचारलं, की ती म्हणायची, “बिनधास्त हलव. जास्त झालं तर ऑक्टोबरपर्यंत माघार घेऊ.” पुढे तर तिने त्याची पद्धतच बसवली. आधी भरपूर हलवायचं, वर्ष संपून खरी कमाई नि खर्च कळला की फायद्यापुरतं ठेवायचं आणि बाकीचं परत फिरवायचं. दहा वर्षं हे तिने उत्तम केलं. गाव म्हणायचं, वर्नाच्या हातात यश आहे. मी म्हणायचो, वर्नाच्या हातात मी आहे.

मग संगणक आला. वर्नाची भाची जोलीन, तिच्या धाकट्या भावाची मुलगी, चाळिशीची, चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधणारी, पण कामात चोख. तिने सगळी विवरणपत्रं तारेतून पाठवायला सुरुवात केली. वर्ना माघारीचं पान मात्र अजूनही हाताने लिहायची. जोलीन त्याची छबी संगणकात चढवायची आणि मूळ पान टोचून कपाटात जायचं. वर्षातून चार-पाच वेळा माझी आठवण व्हायची. उरलेला वेळ मी खिडकीत, पंख्याच्या वाऱ्याने काही उडू नये म्हणून कागदांवर बसायचो. स्टेपलरची नोकरी गेली आणि दगडाची लागली.

दोन हजार अठराच्या जानेवारीत जोलीनने एक पातळ पुस्तिका आणली. कायदा बदलला होता, त्यात काय काय बदललं ते लिहिलं होतं. एका पानाला तिने पिवळी चिठ्ठी चिकटवली आणि म्हणाली, “आत्या, हे एवढं पान वाचून ठेव.” वर्ना म्हणाली, वाचते. पण त्याच महिन्यात मार्सेला भर थंडीत सपाता घालून शाळेपर्यंत चालत गेली होती, एल्डनची बस शोधत. एल्डन तर कधीच निवृत्त झाला होता. तिच्या विसरण्याला डॉक्टरांनी नाव दिलं. वर्नाच्या संध्याकाळी मार्सेलाकडे जाऊ लागल्या. दर हिवाळ्यात दोन दिवसांचा कर-अभ्यासवर्ग असायचा, तो तिने त्या वर्षी चुकवला. पुस्तिका उडू नये म्हणून तिने ती खिडकीत ठेवली आणि तिच्यावर मला ठेवलं.

वर्षभर मी त्या पानावर बसलो होतो.

सप्टेंबरात एल्डन आला. म्हाताऱ्यांच्या गप्पा आधी झाल्या, मका किती वाढला, विद्यापीठाचा फुटबॉल संघ किती वाईट खेळतोय. मग त्याने खात्याचा कागद पुढे ठेवला. एक लाख ऐंशी हजार डॉलर. मार्सेलाला घरातच ठेवायचं होतं त्याला. ट्विला नावाची एक भली बाई रोज अर्धा दिवस यायची, मार्सेलाचे केस विंचरायची, तिच्याशी खोटंखोटं पत्ते खेळायची. पुढे जास्त लागेल, हे त्याला दिसत होतं.

वर्नाने पेन्सिलीने आकड्याखाली रेघ ओढली. मग म्हणाली, “या वर्षी तुमच्या रिटर्नवर दोन नावं आहेत, एल्डन.”

दोन नावं असली तर कर कमी दराने लागतो. एक उरलं की दर चढतो. हे वर्ना त्याला याहून मऊ शब्दांत सांगूच शकत नव्हती.

“मग किती हलवू?” त्याने विचारलं.

“सगळे हलव. मार्सेलाच्या औषधपाण्याचा खर्च वर्ष संपल्यावर कळेल, तो वजा जातो. मग बघू किती ठेवायचे ते. जास्त झालं तर ऑक्टोबरपर्यंत माघार घेऊ.”

“तू म्हणतेस तर हलवतो. मला तर पुढचा गिअरही नीट कळत नाही यातला.”

तो हसला, तीही हसली. मित्रांनो, मी तिथेच होतो, हातभर अंतरावर. माझ्या बुडाखाली पिवळी चिठ्ठी होती. मला जबडा आहे, पण आवाज नाही. लोखंडाला घाम फुटतो का, हे तुम्ही शाळेत विचारा. त्या दुपारी मला फुटला होता.

नाताळात बाजार कोसळला. एक लाख ऐंशीचे दीड लाख झाले. एल्डनला झोप लागायची तरीही, कारण वर्नाचं वाक्य त्याच्या उशाशी होतं.

फेब्रुवारीत तो आला तेव्हा बाहेर गुडघाभर बर्फ होता. हातात कोलाचचा डबा. मार्सेलाला आता ओव्हन आणि कपाट यांतला फरक कळत नव्हता, म्हणून त्याने स्वतः भाजले होते. एका बाजूने जळलेले. वर्नाने एक खाल्ला आणि म्हणाली, याने पाहुणे परत जातील आणि परत येणार नाहीत. एल्डन म्हणाला, हेतू तोच आहे.

मग त्याने सांगितलं की खात्याच्या कंपनीला फोन केला होता. तीस हजार ठेवा नि बाकीचे परत फिरवा, असं म्हणालो. फोनवरच्या मुलीने चक्क नाही म्हणून सांगितलं. “नवीन दिसत होती. म्हटलं, उगाच तिला कशाला ओरडा? वर्नाला सांगतो.”

“त्यांनी आधी पोरांना शिकवून मग फोनवर बसवायला हवं,” वर्ना म्हणाली आणि निळं पेन उघडलं.

तिने माघारीचं पान लिहिलं. सगळं, शेवटच्या ओळीसकट. मग खिडकीकडे हात लांबवून मला उचललं, आणि मी डाव्या कोपऱ्यात एक पीन मारली. सरळ आणि घट्ट, चाळीस वर्षांत मारली तशीच.

जोलीन आतून फायली घेऊन आली. तिने टेबलावरचं पान पाहिलं. मग खिडकीत पाहिलं, जिथे आता मी नव्हतो आणि फक्त पुस्तिका होती, मधोमध माझ्या आकाराचा एक स्वच्छ चौकोन आणि भोवती धूळ.

“आत्या,” ती म्हणाली, “हे आता चालत नाही.”

“काय चालत नाही?”

“पालटाची माघार. बंद केली. दोन हजार अठरापासून जे पैसे हलवले ते हलवले. नवीन भरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात फिरवता येते अजून. पालट मात्र मागे घेता येत नाही.” तिने पुस्तिका उघडून पिवळ्या चिठ्ठीचं पान समोर धरलं.

वर्नाने ते वाचलं. मग पुन्हा वाचलं, बोट ठेवून, शाळेतल्या पोरासारखं. तिचं बोट एका ओळीवर थांबलं ते तिथेच राहिलं.

“किती भरावे लागतील?” एल्डनने विचारलं. त्याचा आवाज अगदी साधा होता.

जोलीनने हिशेब केला. बेचाळीस हजार. आणि भरायचे कशातून, तर त्याच पडलेल्या खात्यातून.

एल्डनने टोपी घातली, काढली. “म्हणजे मी बस दरीच्या कडेला नेली,” तो म्हणाला, “आणि तुझा रिव्हर्स गिअर कुणीतरी आधीच काढून नेला होता.”

वर्ना म्हणाली की ते ती भरेल. तिचं घर आहे, ऑफिस आहे. एल्डनने मान हलवली. “तू मार्सेलाची मैत्रीण आहेस गं. विमा कंपनी नाहीस.” त्याने डबा तिथेच ठेवला आणि निघाला. दार हळू लावलं. आपटलं असतं तर वर्नाला बरं वाटलं असतं, असं मला वाटतं.

त्या एप्रिलनंतर वर्नाने ऑफिस बंद केलं. जोलीनने हमरस्त्याजवळ स्वतःची जागा घेतली. ती मला न्यायला तयार होती, पण वर्नाने नाही म्हटलं. माघारीचं ते पान तिने फाडलं नाही, टेबलाच्या खणात ठेवलं. एल्डन पुढचं रिटर्न भरायला दुसऱ्या गावी गेला. वर्नाला नाताळात त्याचं शुभेच्छापत्र आलं, नेहमीसारखं, खाली दोघांची नावं. आमच्या गावात राग असाच असतो. सभ्य आणि लांबचा.

वर्ना तरीही मार्सेलाकडे जात राहिली, एल्डन दुकानात गेला असेल अशा वेळी. मार्सेला त्या वसंतात पडली, कंबरेचं हाड मोडलं. मग ट्विला दिवसभर आणि आणखी एक बाई रात्रभर, असं लागू लागलं. पैसे वितळायला लागले. जोलीन एकदा खिडकीशी उभी राहून वर्नाला म्हणाली होती की ते बेचाळीस हजार म्हणजे या दोन बायकांचा चार महिन्यांचा पगार, आत्या, जास्त नाही. मनाला एवढं लावून घेऊ नकोस. चार महिने.

पुढच्या फेब्रुवारीत पैसे संपले आणि मार्सेलाला चाळीस मैलांवरच्या, जिथला खर्च सरकार देतं अशा वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. एल्डन रोज जायचा. मार्चमध्ये साथ आली आणि वृद्धाश्रमाची दारं बंद झाली. मग तो बाहेर फुलांच्या वाफ्यात उभा राहून काचेतून पाहायचा. तिला तो कोण हे कळत नव्हतं, पण कुणीतरी उभं आहे म्हणून ती काचेला हात लावायची. हे वर्नाला ट्विलाने सांगितलं आणि वर्नाने रिकाम्या ऑफिसात बसून मला सांगितलं, कारण दुसरं कुणी नव्हतं.

मार्सेला जूनच्या पहिल्या आठवड्यात गेली. फेब्रुवारी ते जून, मित्रांनो. बोटांवर मोजा. तेच चार महिने होते.

दोन दिवसांनी ऑफिसच्या दारावर टकटक झाली. एल्डन. तोंडाला लाल फडकं, हातात एक खोका. साथीमुळे चर्चमध्ये तीसच माणसं येऊ देणार होते. त्या तिसांसाठी त्याने प्रार्थनेची पत्रकं छापून आणली होती, चार-चार पानी. छापखान्याने ती जोडून दिली नव्हती.

“तुझा तो अजून आहे ना?” तो म्हणाला.

वर्नाने मला खिडकीतून उचललं, फुंकर मारली, पदरासारखं जॅकेटचं टोक ओढून पुसलं. दोघं टेबलाच्या दोन टोकांना बसली. तो पानं लावून द्यायचा, ती टोचायची. मी एकदाही अडकलो नाही. तीस झाल्यावर त्याने आणखी एक लावलं. “हे तुला.” म्हणजे तिसांत ती होतीच, हे एक ठेवायला.

मग तो म्हणाला, “ते पान टाकून दिलंस?”

वर्नाने खण उघडून ते त्याच्यापुढे ठेवलं. एल्डनने चष्मा काढला, लावला, आणि सावकाश सगळं वाचलं. शेवटची ओळ त्याने मोठ्याने वाचली. हा व्यवहार घडलाच नाही असं धरावं, ही विनंती.

“छान लिहिलं होतंस,” तो म्हणाला. “कुणी मानलं असतं तर.”

त्याने पान पुन्हा खणात ठेवलं, त्याच जागी, कडेला कड लावून. वर्नाने कॉफी ठेवली. दोघांनी ती प्यायली. जाताना त्याने दार हळूच लावलं, पण या वेळी ते लांबचं वाटलं नाही.

वर्ना आता फार चालत नाही. कधी येते, खुर्चीत बसते, माझ्या पाठीवर बोट फिरवते. मी एकतीस पत्रकं जोडली, कुणी न मानलेलं एक माघारीचं पान जोडलं, आणि चक्रीवादळाला हरवलं. तरी माझी सगळ्यात मोठी चूक अशी, की मी नुसता बसून राहिलो.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी आम्ही जुन्या वस्तू तुमच्याकडे तेल मागतो, जपायला सांगतो, भंगारात घालू नका म्हणतो. मी तसं काही मागत नाही. माझ्या सांध्यांना गंज लागला तर लागू दे. एवढंच करा, तुमच्या घरात खिडकीत एखादी जड जुनी वस्तू वर्षानुवर्षं एकाच जागी बसली असेल, तर ती आजच उचला. तिच्यासाठी नका उचलू. तिच्या खाली काय आहे, ते बघायला उचला.